एका इंचात सात

या घरात एखादी गोष्ट सरळ विचारून टाकायची पद्धतच नाही. मागच्या तीन पिढ्यांत नव्हती, आता कुठून येणार? रविवारी दुपारी जेवणं आटोपून आई झोपायला आत गेली, तिच्या खोलीचं दार लोटलं गेलं आणि बाहेर मोठ्या टेबलावर गोधडी पसरलेली राहिली. पण उरलेल्या चौघांपैकी एकाच्याही तोंडून 'चला, बघून टाकू' असं निघालं नाही. ताईने उगाच पंखा कमी केला. धाकट्याने मोबाइल काढला. बाबा तहान नसताना पाणी प्यायले. शेवटी सून, म्हणजे धाकट्याची बायको, उठली. तिला या घरात येऊन सहाच वर्षं झाली होती आणि इथली आडवळणं अजून तिच्या अंगवळणी पडली नव्हती. ती टेबलाशी गेली आणि वाकून टाके मोजायला लागली.

मोजायलाच हवे होते म्हणा. आज संध्याकाळी या टाक्यांवरून एका डोळ्याचा निकाल लागणार होता.

तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय, आतला दाब वाढायला लागलाय, महिन्याच्या आत काढला नाही तर गेलेली नजर परत यायची नाही. आईचा उजवा डोळा लहानपणापासून नावालाच होता. जे काय दिसायचं ते या एका डाव्याने. त्यालाच कोणी सुई लावणार म्हटल्यावर ती मनातून हादरली होती, आणि हादरले असं कबूल करणं तिच्या सात जन्मांत शक्य नव्हतं. म्हणून तिने डॉक्टरांच्या समोरच पैज लावली. "नातीची गोधडी शिवतेय मी. पुरी झाली की सगळ्यांनी मिळून बघा. एक ओळ वाकडी दाखवा, मी आपल्या पायांनी येऊन तुमच्या टेबलावर झोपते. नाही सापडली तर माझ्या डोळ्याचं नाव काढायचं नाही." डॉक्टर हसले, पण मंगळवारची वेळ त्यांनी धरून ठेवली. आज सहाच्या आत हो किंवा नाही कळवायचं होतं.

नात म्हणजे ताईची मुलगी. गुरुवारी ती शिकायला थंडीच्या मुलखात निघाली होती. तिच्यासाठी अठ्ठेचाळीस चौकोनांची गोधडी. चौकोन ताईनेच आपल्या दुकानात मशीनवर जोडून दिले होते. तिचं कपडे आल्टर करायचं दुकान, त्यामुळे मशीन तिचंच. पण वरच्या कापडापासून खालच्या अस्तरापर्यंत जाणारा धावदोरा हाताचा, आणि तो हात आईचाच. शिवाय या घरचा एक जुना नियम होता, तो मात्र सगळे पाळायचे. गोधडीला कापड द्यायचं ते आवडीचं. विटलेलं, उसवलेलं, 'नाहीतरी पडूनच आहे' असलं आई हातात धरायची नाही. देताना थोडा जीव तुटला पाहिजे, मगच ते तिच्या टोपलीत जायचं.

सगळ्यांनी दिलं होतं. ताईने निळ्या बुट्ट्यांचं मलमल दिलं, जे तिने अकरा वर्षं कात्रीपासून लपवून ठेवलं होतं. सुनेने पहिल्या पगारातून घेतलेला पिवळा कुर्ता दिला. बाबांनी पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर चढवायचं गडद हिरवं कापड दिलं, तीनदा धुऊन, खळ काढून. आणि धाकट्याने काय दिलं? रेनकोट. पहिल्यांदा क्रेन चालवायला चढला तेव्हा अंगात होता तो. आईने नाक मुरडलं, "गोधडीत रेनकोट कोण घालतं रे?" पण कापताना धाकट्याचा चेहरा तिने बघितला आणि मुकाट्याने दोन चौकोन कापून घेतले.

"एका इंचात सात," सून पुटपुटली. "इथेही सात. इथेही."

"मग झालं की," धाकटा म्हणाला. "आई जिंकली. विषय संपला."

"हळू बोल." सुनेने मान वर केली नाही. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर भिंगाखाली पेशी मोजायच्या आणि एकही चुकू द्यायची नाही, असली नोकरी. "माझ्या उशीच्या अभ्र्यावर आईंचे टाके आहेत. मी रोज बघते. कुठे आठ, कुठे नऊ, रंगात आल्या की दहा. त्यांनी आयुष्यात काही मोजून मापून केलंय का? भाजीत मीठसुद्धा नाही."

"वयानुसार माणूस शिस्तीत येतं."

"तू कधी येणार आहेस मग?"

धाकट्याने परत मोबाइलमध्ये डोकं घातलं. बाबा पेला धुवायला स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

सून एकेक ओळ करत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोचली आणि थांबली. शेवटची ओळ. आज सकाळी सगळे यायच्या आधी आईने ती घातली होती, सुई अजून तिथेच टोचलेली होती. या ओळीत कुठे चार टाके, कुठे अकरा. निघाली काठाशी समांतर, निळ्या मलमलीवर आली तोवर दोन बोटं वर सरकली, हिरव्या कापडावर परत खाली आली आणि शेवटच्या चौकोनात तर शेजारच्या ओळीवर जाऊन चढली.

"ताई," सून म्हणाली, "जरा इकडे या."

ताईला खरं तर यायचं नव्हतं. तिला ही पैजच मान्य नव्हती, तिच्या मते आईला उचलून गाडीत घालायचं आणि दवाखान्यात सोडायचं, एवढा साधा मामला होता. पण वाकडी शिवण बघून तिच्यातली दुकानदारीण जागी झाली. तिने ओळीवरून बोट फिरवलं आणि तिला भरून आलं. लहानपणी शाळेच्या फ्रॉकची किनार आईने दुमडलेली असायची, ती उलटी करून ती वर्गातल्या मुलींना दाखवायची, बघा कशी आहे. त्या हाताची ही ओळ.

"सापडली की मग," ताई म्हणाली, आवाज जमेल तेवढा कोरडा ठेवून. "आता उठली की हीच दाखवायची. मंगळवार पक्का."

"आणि बाकीच्या तीस ओळी?" सुनेने विचारलं.

"त्यांचं काय?"

"कालपर्यंत तीस ओळी छापल्यासारख्या आणि आज ही अशी? एका रात्रीत डोळा जातो का कोणाचा? आणि हे बघा." तिने धाकट्याच्या रेनकोटाचा चौकोन खिडकीकडे उचलून धरला. "सुती कापडातून दोरा काढला की सुईचं भोक बुजतं. या कापडात नाही बुजत. दिसतंय?"

ताईने बघितलं. रेनकोटावर सरळ टाक्यांची ओळ होती, नीट सात-सात. आणि तिच्या खालून वरून, दारू प्यायल्यासारखी भटकत गेलेली, रिकाम्या भोकांची दुसरी ओळ होती.

"कोणीतरी उसवून परत घातलंय," सून म्हणाली.

ताई तिच्याकडे बघतच राहिली. आणि या घरात जे नेहमी होतं तेच झालं. तिच्या मनात पहिला विचार आला तो सुनेचाच. पलीकडच्याच गल्लीत राहते, रोज येऊन सासूच्या पुढेमागे करते, गोड नाव कमावायची संधी बरी सोडेल. आणि आता स्वतःच शोध लावल्याचा आव आणतेय. ताई मनाने वाईट नाही, पण आईच्या बाबतीत तिला वाटेकरी चालत नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

"तू केलंस?" तिने विचारलं. सरळ. या घराच्या मानाने फारच सरळ.

"मी?" सुनेला हसूच आलं. "मला वाटलं तुम्ही केलंत. दर बुधवारी येता, आई झोपल्या की तासभर इथेच बसलेल्या असता."

"मी हिशोबाची वही आणते आणि डुलक्या काढते. मला कुठला वेळ?"

"मग माझ्याकडे कुठला?"

धाकट्याने मोबाइल खिशात टाकला. आता कुठे त्याला मजा यायला लागली होती. "मी नाही हं," तो म्हणाला. "मला सुईत दोरा ओवता येत नाही, विचारा हिला."

"माहीत आहे," दोघी एकदमच म्हणाल्या, आणि त्या दोघींचं एकमत झाल्याचा हा गेल्या सहा वर्षांतला दुसरा की तिसरा प्रसंग असेल.

ताईने टोपलीतून पांढऱ्या कापडाची पट्टी फाडली. फाडण्याचा आवाज झाला तसे सगळे आईच्या दाराकडे बघून थबकले. आत काही हालचाल नव्हती. "टाक्यावरून मी गिऱ्हाईक ओळखते," ताई कुजबुजली. "कोणाचं काम घरी शिवून बिघडलंय आणि कोणाचं दुसऱ्या टेलरने, दारातच सांगते. सगळ्यांनी चार-चार बोटं शिवायचं. मीसुद्धा."

तिने स्वतः आधी शिवलं. बारीक, चिवट, जरा पुढे झुकलेले टाके, घाईत असलेल्या माणसाचे. सुनेचे लांबलचक निघाले, आधी कच्चं टाचून मग पक्कं करायचं असतं तसे. "हे तर टाचण झालं," ताई म्हणाली, पण तिच्या आवाजातली धार गेली होती, कारण असे टाके घालणारीने ही गोधडी शिवली असणं शक्यच नव्हतं. धाकट्याने सुई ओवायला तीन मिनिटं घेतली, चार टाके घातले आणि पट्टी स्वतःच्या बाहीला शिवून ठेवली. सून तोंडावर हात धरून हसायला लागली. ताईही हसली. थोडा वेळ तिघांनाही विसर पडला की हे सगळं कशासाठी चाललंय.

"बाबा," सून म्हणाली. "तुम्ही राहिलात."

बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, ओला पेला अजून हातात. "मला कशाला?" ते म्हणाले. "मी आपला पुस्तकं शिवणारा माणूस."

"शिवणाराच ना," सून म्हणाली.

ते आले. खुर्ची ओढली, धाकट्याच्या बाहीची पट्टी सोडवून घेतली, चष्मा लावला. दोरा घेतला. आणि सुईत ओवायच्या आधी त्यांचा डावा हात आपसूक सदऱ्याच्या खिशात गेला, मेणाचा एक झिजलेला खडा बाहेर आला आणि दोरा त्यावरून सर्रकन ओढला गेला. एकदा, दोनदा. वाचनालयाच्या बांधणीखात्यात अडतीस वर्षं जो हात हेच करत आला, तो ऐन वेळी कसा थांबणार? बाबांना कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी खडा टेबलावर ठेवला आणि कोणाकडेही न बघता पट्टीवर चार बोटं शिवलं, आधी नखाने रेघ पाडून, मग मोजून.

सुनेला मोजायची गरजच नव्हती. तरी तिने मोजले.

"सात," ती म्हणाली.

बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत राहिले. खरं सांगायचं तर त्यांना हलकं वाटत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. पाच महिन्यांपूर्वी अशाच एका दुपारी ती झोपलेली असताना त्यांनी गोधडीची पहिली ओळ बघितली होती. ती चार बोटं भरकटली होती. त्यांच्या हाताखालून अशी कितीतरी पुस्तकं गेली होती, कोणीतरी नवशिक्याने पानं तिरकी शिवलेली. ती उसवायची, परत शिवायची, आणि वर वाचनालयात द्यायची. कोणाला सांगायचं नसतं, कोणी विचारतही नाही. त्यांनी तेवढंच केलं. एक ओळ. मग चार-पाच दिवसांनी तिने दुसरी घातली, ती पहिलीपेक्षा वाकडी. मग रोजचंच झालं. ती दोन ते तीन झोपायची आणि ते दोन ते तीन शिवायचे. ती उठायच्या आत सगळं जागच्या जागी, आणि ते पेपर वाचत बसलेले.

"आणि डॉक्टरांकडे?" ताईने विचारलं. तिचा आवाज चढला होता, तिने तो मुश्किलीने खाली आणला. "तिने पैज लावली तेव्हा तुम्ही शेजारी बसला होतात, बाबा. फाइल तुमच्या मांडीवर होती."

"हो."

"तेव्हा का नाही बोललात?"

"डॉक्टरांसमोर?" बाबा म्हणाले. "कंपाउंडर, नर्स, सगळे उभे होते. तिच्या तोंडावर सांगू, की अगं, तू जे शिवतेस ते मी उसवतो? घरी आल्यावर सांगू म्हटलं. घरी आल्यावर तिने सगळ्यात आधी गोधडीच मांडीवर घेतली." ते थांबले. "मग रोज वाटायचं, आज नाही उसवायची, राहू दे वाकडी, आपोआप कळेल तिला. आणि रोज दोन वाजले की हात जायचा."

"आणि आज आम्ही सगळे लवकर आलो," सून म्हणाली.

"आज तुम्ही लवकर आलात."

ताईने कपाळावर हात मारला नाही एवढंच. "म्हणजे आता काय करायचं ते तुम्हाला कळतंय ना? ती शेवटची ओळ दाखवायची, बास. तिला एवढंच सांगायचं, आई, तू हरलीस. बाकीचं पोटात ठेवायचं. कशाला दुखवायचं?"

"ती म्हणेल सकाळी घाईत घातली, हात चुकला," धाकटा म्हणाला. तो आता हसत नव्हता. "म्हणेल तीस बघा ना, एक काय बघता? आणि मला विचाराल तर बाबा, तुम्ही ही पण उसवा. आत्ता. अर्धा तास आहे. तिला नकोय ना ऑपरेशन, मग नको. डोळ्यात काही झालं तर? तिचा एकच आहे. मी शंभर फुटांवरून लोखंड उतरवतो, मला भीती नाही वाटत. पण हे मला नाही बघवणार."

"तुला बघवणार नाही म्हणून तिने आंधळं व्हायचं?" सून म्हणाली. धाकट्याने मान खाली घातली. तो तिच्याशी भांडला असता तर बरं झालं असतं, पण भांडला नाही. "मी रोज रिपोर्ट लिहिते," ती पुढे म्हणाली. "वाईट आले तरी लिहिते. आईंनी ज्या तीस ओळी बघून ठरवलं, त्या त्यांच्या नाहीत. हे त्यांना कळायला नको का? निदान ठरवू तरी दे त्यांना खरं बघून."

"तू नको शिकवूस," ताई म्हणाली, पण सवयीने. तिलाही पटलं होतं, म्हणूनच तिला राग येत होता.

तिघं बाबांकडे वळली. त्यांनी गोधडीतून सुई काढून घेतली होती आणि शेवटच्या ओळीचा पहिला टाका तिच्या टोकाने सैल करत होते. धाकट्याने एकदम खुर्ची पुढे ओढली. बाबा मात्र तिथेच थांबले. टाका सैल झाला होता, ओढला की सगळी ओळ सरसर आली असती. ते त्याच्याकडे बघत बसले. मग त्यांनी तो नखाने परत बसवला आणि सुई टोपलीतल्या गादीत टोचून ठेवली.

"मीच सांगतो," ते म्हणाले.

तेवढ्यात दार उघडलं.

आई उठली होती, केस हाताने मागे घेत. समोर तिला काय दिसलं? खिडकीचा उजेड, टेबलाचा पसारा आणि त्याभोवती चार सावल्या. त्यातली वाकलेली सून, उंच धाकटा, कमरेवर हात ती ताई. बसलेले ते हे. चेहरे तिला हल्ली दिसत नसत, पण माणसं कशी उभी राहतात यावरून काम भागायचं, आणि आज सगळी ज्या तऱ्हेने उभी होती त्यावरून काहीतरी शिजलंय हे तिला दारातच कळलं.

"झालं का मोजून?" तिने विचारलं. "मी म्हटलं होतं ना. सापडली का एखादी?"

बाबा उठले, तिच्यापर्यंत गेले आणि तिचा हात धरून तिला टेबलाशी आणलं. खुर्ची दिली. मग शेजारी बसून सांगितलं. लांबड लावली नाही त्यांनी. पहिली ओळ, दुसरी ओळ, दोन ते तीन, पेपर. डॉक्टरांकडचं गप्प बसणं. आईने गोधडी जवळ ओढली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

बोट चालत राहिलं, चौकोनामागून चौकोन. "गुळगुळीत लागायचं," ती म्हणाली. "मला वाटायचं दोराच चांगला आलाय यंदा."

"मेण," बाबा म्हणाले.

"हं." दुसरी ओळ. तिसरी. "आणि यातलं माझं काय आहे?"

बाबांनी तिचं बोट उचललं आणि टेबलाच्या टोकाला शेवटच्या ओळीवर नेऊन ठेवलं. ती त्या ओळीवरून गेली. वर सरकली, खाली आली, शेजारच्या ओळीवर चढली. तिथे तिचं बोट थांबलं. एवढी वाकडी असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"मला वाटलं हात सुधारला," आई म्हणाली.

ताईने तोंड फिरवलं.

"खरंच वाटलं. बहिणीला फोनवर सांगितलं मी, अगं, पंचविशीत होता त्याच्यापेक्षा हात चांगला झालाय. माझे मलाच कळेनात असे टाके पडतात. संध्याकाळी बोट फिरवून बघायचे आणि एवढं बरं वाटायचं. किती खूश होते मी." तिचा आवाज फुटला. तिने तो लपवायचा प्रयत्न केला नाही, रडलीही मनसोक्त, पदर डोळ्यांना लावून, आणि कोणी तिला गप्प बस म्हटलं नाही. बाबा नुसते बसून राहिले. त्यांना हात पुढे करायचा होता आणि तो करायचा अधिकार आपल्याला आहे की नाही ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

थोड्या वेळाने तिने पदर खाली घेतला.

"रागावलीस?" बाबांनी विचारलं.

"मग? तुमची आरती ओवाळू? रागावले आहे. चांगली वर्षभर राहीन." तिचा हात मात्र गोधडीवरून निघाला नव्हता. तो परत पहिल्या ओळीकडे गेला, मग मधे कुठेतरी थांबला. "एका इंचात किती घालता?"

"सात."

"सगळीकडे?"

"सगळीकडे."

"रेनकोटावरसुद्धा? तिथे तर सुई घसरते."

"आधी अरीने भोकं पाडून घेतली," बाबा म्हणाले. "मग घातली."

"बघा तरी," आई म्हणाली, आणि कोणाला म्हणाली ते कळलं नाही. ती वाकली. गोधडी उचलून डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ नेली, नाकाला लागेपर्यंत. खिडकीकडे वळली, परत वळली, मान तिरकी केली. तिला हिरवा रंग दिसला, पिवळा दिसला. टाके दिसले नाहीत. खूप वेळ ती तशीच प्रयत्न करत राहिली.

"पट्टी कधी काढतात ऑपरेशननंतर?" तिने विचारलं.

सून पुढे झाली. "दुसऱ्या दिवशी. पण सुरुवातीला धुरकट दिसेल, आई. नीट दिसायला दोन-तीन आठवडे तरी."

"मग गोधडी गुरुवारी जाणार नाही. पोरीला म्हणावं महिनाभर शाल पांघर, मागून पाठवते."

"आई, तिकडे आत्ताच कडाक्याची..." ताईने सुरुवात केली.

"दोन शाली पांघरेल." आईने गोधडीची घडी घालायला घेतली, चाचपत, कोपऱ्याला कोपरा लावत. बाबांनी दुसरं टोक धरलं. नको म्हणाली नाही ती. शेवटची ओळ वर आली तशी तिने त्यावर हात ठेवला. "ही उसवायची नाही. कोणीही."

"नाही," बाबा म्हणाले.

धाकटा इतका वेळ भिंतीला टेकून होता. "आई, तुला भीती नाही वाटत?" त्याने विचारलं, आणि त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला.

"वाटते तर. खूप वाटते." हे या घरात पहिल्यांदाच कोणीतरी मोकळेपणी बोललं होतं. आईने घडी मांडीवर घेतली आणि सुनेच्या दिशेने मान वळवली. "लाव गं त्या दवाखान्यात फोन, सांग मंगळवारी येतेय. पाच महिने मी डोळे मिटले की माझा नवरा काय उद्योग करत होता, ते मला बघायचंय."